पिकअपला नवे टायर घेताय? आधी जुने टायर नीट बघा

हा टायर एका पिकअपचा आहे, मागच्या डाव्या बाजूचा, आत्ताच रिमवरून उतरवलाय. जरा जवळून बघा, मधली नक्षी पार गुळगुळीत झालीये आणि दोन्ही कडांना मात्र अजून बऱ्यापैकी जीव आहे. म्हणजे काय झालं असणार, तर गाडी बहुतेक वेळ रिकामी फिरली आणि हवा मात्र फुल लोडची भरून ठेवलेली, त्यामुळे टायर मधेच फुगून तेवढ्यावरच पळत राहिला. उलट कडा घासल्या आणि मधली नक्षी उभी असेल तर हवा कमी आणि माल जास्त. एकाच बाजूने खाल्ला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, गेलंय, आणि हात फिरवल्यावर चढउतार लागत असतील तर शॉकअप बघून घ्या. हे आधी दुरुस्त केलं नाही तर कितीही भारी टायर आणा, तोही असाच खाणार.

आता दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, सगळ्यात चांगला टायर कुठला? याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण हौद्यात किती वजन टाकता आणि महिन्यातले किती दिवस खरंच डांबर सोडून जाता हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. आणि इथेच लोक स्वतःशीच खोटं बोलतात, वर्षातून एकदा चिखलात जायचं असतं पण टायर बघायचे ते मोठ्या गोट्यांचे, म्हणजे नक्षीचे ठोकळे मोठे असलेले, कारण फोटोत गाडी भारी दिसते. दिसते खरी, नाही कोण म्हणतंय.

बरं, साईडवॉलवर काय लिहिलंय ते वाचू. २६५/७० आर १७ ११५ टी. २६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १७ इंचाचं रिम. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण पिकअपवाल्याच्या कामाचं आहे ते त्याच्या पुढचं. ११५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर १२१५ किलो उचलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा स्पीड, त्याच्याशी आपलं फारसं देणंघेणं नाही, फक्त कंपनीने दिलंय त्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

आता तोच साइज पण आधी एलटी लिहिलेला, म्हणजे लाइट ट्रकचा टायर. त्यावर १२१/११८ असे दोन आकडे दिसतात, पहिला एकेरी चाकासाठी, १४५० किलो, आणि दुसरा मागे जोडचाकं असतील तर, १३२० किलो. शिवाय लोड रेंज ई, म्हणजे १० प्लाय रेटिंग, जुन्या दहा थरांच्या टायरइतकी ताकद. ऐकून वाटतं की मग हाच घ्यावा, जास्त मजबूत तर आहे. पण हा १४५० किलोचा आकडा ८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवेवरचा आहे. जुन्या टायरला ३५ भरत होता म्हणून यालाही ३५ भरली तर हा टायर त्या साध्या टायरपेक्षा कमी वजन उचलतो, आणि हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. एलटी घेतला की किती हवेवर किती लोड याचं टेबल बघायचं आणि त्याप्रमाणे हवा वाढवायची, दुसरा पर्याय नाही. वरून तो वजनाला जड, रिकाम्या गाडीत आदळतो, डिझेलही थोडं जास्त खातो. रोज माल भरता, ट्रेलर ओढता, दगडधोंड्यातून जाता तर एलटी घ्या, नाहीतर उगाच पाठ मोडून घेण्यात काय अर्थ आहे.

याच्या उलट, आधी पी लिहिलेला टायर मुळात पॅसेंजर गाडीचा. तो पिकअपला लावला तर त्याची लोडची क्षमता १.१ ने भागून धरायची असा अमेरिकेतला नियम आहे, म्हणजे १२१५ चे झाले साधारण ११०५ किलो. मागच्या एक्सलवर दोन टायर मिळून २२० किलो तिथेच गेले.

लोड आणि हवेचं गणित फसलं की काय होतं ते २००० साली अख्ख्या जगाने बघितलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फायरस्टोनने अमेरिकेत ६५ लाख टायर परत बोलावले, त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररला लावलेले होते. पळत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून यायचा आणि गाडी उलटायची, अडीचशेच्या वर माणसं गेली. दोष कुणाचा यावरून दोन्ही कंपन्या जाहीर भांडल्या, त्यात एक मुद्दा हवेचाच होता, फोर्डने २६ पीएसआय सांगितलेली आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. कमी हवा म्हणजे साईडवॉल जास्त वाकणार, वाकून वाकून तापणार, वर लोड आणि स्पीड असला की आतल्या थरांची पकड सुटते. त्यानंतरच अमेरिकेत नवा कायदा आला आणि पुढे नव्या गाड्यांमध्ये हवेचा सेन्सर सक्तीचा झाला.

नक्षीचं बोलू. हायवे टायर, ऑल टेरेन आणि मड टेरेन असे तीन मुख्य प्रकार. मड टेरेनच्या गोट्या मोठ्या आणि मधल्या फटी रुंद, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो आणि पकड टिकते. पण ओल्या डांबरावर हाच टायर त्रास देतो, रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि पाण्यात पकड देणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ नाहीत. त्यात पिकअपचा हौदा रिकामा असला की मागे वजनच नसतं, वळणावर मागची चाकं घसरायला वेळ लागत नाही. आवाज येतो तो वेगळाच, थोडे घासले की घूं घूं सुरू. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त लोकांना हायवे टायर पुरतो, कच्च्या रस्त्याचं नियमित काम असेल तर ऑल टेरेन. बर्फाचा भाग असेल तर एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, या शिक्क्यावर समाधान मानू नका, तो फक्त नक्षीच्या रचनेवरून दिला जातो, तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह शोधा, ते बर्फावर टेस्ट केल्यावरच मिळतं.

साइज वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिलिमीटर, २८५/७० घेतला तर ८३१. साडेतीन टक्के फरक, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या वर असते. गाडीचा वेग पकडायचा जोर कमी होतो, पूर्ण स्टीअरिंग वळवलं की चाक आतल्या प्लास्टिकला घासू शकतं, आणि फोर बाय फोर असेल तर चारही एकाच साइजचे हवेतच, एका एक्सलचे टायर मोठे आणि दुसऱ्याचे लहान झाले की ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, सतत ताण.

पैसे वाचवायला दोनच घ्यायचे असतील, आणि गाडी टू व्हील ड्राइव्ह असेल, तर नवे मागे लावा. लोक पुढे लावतात, स्टीअरिंग पुढे आहे म्हणून. पण पाण्यात पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि सावरायला थोडा तरी वाव मिळतो, मागचं घसरलं तर गिरकीच.

बिल करायच्या आधी साईडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नवा म्हणून विकला जातोय पण गोडाऊनमध्ये चार वर्षं पडून होता असं होतं, आणि १० वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही असली तरी वापरू नये असं टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनीचाही कोड बघून घ्या, हौद्याखाली लटकलेली असते, वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, आणि ऐनवेळी काढायला गेलं तर साखळी गंजून बसलेली. टायर बसवणारा माणूस खाली बसलेलाच असतो, त्यालाच सांगा ती उतरवून हवा भरून परत लावायला.