हजेरीपटापलीकडची ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

हजेरी घेताना एखादा मुलगा गैरहजर दिसला की मी वर्गाला विचारतो, "का आला नाही रे तो?" पुष्कळदा सगळा वर्ग गप्प असतो. चार-चार वर्षं एकाच खोलीत बसणारी ही मुलं, पण मागच्या बाकावरचा आज का नाही हे एकालाही ठाऊक नसतं. मला ती शांतता फार बोचते. आज सहलीविषयी बोलायचं ठरवलं ते तिच्यामुळेच.

वर्गात मुलं एकमेकांना ओळखतात, पण अर्धीच. हा हुशार, तो मस्तीखोर, ती अबोल. शिक्का एकदा बसला की सहसा पुसला जात नाही. आपण त्यांना फळ्याकडे तोंड करून बसवतो, त्यामुळे पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

एका सहलीला निघालो होतो. रस्त्याची वळणं सुरू झाली आणि आमच्या पहिल्या नंबरच्या मुलीला गाडी लागली. मैत्रिणी जरा दूर सरकल्या. त्यांचंही वय लहान, मी त्यांना दोष देत नाही. तेवढ्यात मागून एक मुलगा उठून आला. त्याच्या नावाने माझ्याकडे रोज तक्रारी यायच्या. त्याने तिला आपली खिडकीची जागा दिली, पिशवी धरली आणि शांतपणे सांगत राहिला, "जवळचं बघू नकोस, लांबचं बघ." लांब क्षितिजाकडे नजर ठेवली की डोळ्यांचा आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा मेळ बसतो आणि मळमळ कमी होते. मी हे पुस्तकातून शिकलो होतो. त्याला कुठून कळलं? विचारलं तर म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला लागते ना सर, मला सवय आहे." तीन वर्षं मी त्याला शिकवत होतो, आणि त्याला धाकटा भाऊ आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मात्र मुलांना एका गाडीत बसवलं की ती आपोआप जवळ येतात, असं मुळीच नाही. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांचं शिबिर भरवलं होतं. मुलं साधारण अकरा वर्षांची. त्यांचे दोन गट केले, सामने लावले, आणि थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग त्यांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. तरी वैर मिटलं नाही, उलट पंगतीतच एकमेकांवर अन्न फेकलं गेलं. पुढे शिबिराचं पाणी बंद झालं आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र जावं लागलं. ट्रक चालू होईना, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. हळूहळू कडवटपणा ओसरला आणि परतताना मुलांनी एकाच बसने जायचं ठरवलं. या अडचणी संशोधकांनीच मुद्दाम घडवल्या होत्या आणि मुलांना त्याची कल्पना नव्हती. मुलांना असं फसवणं मला पटत नाही. पण तो रस्सीखेचीचा दोर मी विसरू शकत नाही.

म्हणून सहलीला निघताना मी आता एवढं करतो. गट चिठ्ठ्या टाकून पाडतो आणि बसमधली जोडीही चिठ्ठीनेच ठरवतो. आदल्या दिवशी कुरकुर होते, ती मी ऐकून घेतो. नकाशा एकाकडे, वेळापत्रक दुसऱ्याकडे, प्रथमोपचाराची पेटी तिसऱ्याकडे. एकाने आपलं काम केलं नाही तर गटाचं पुढचं पाऊल अडतं, त्यामुळे अबोल मुलीलाही विचारावंच लागतं, "आता कुठे वळायचं?" गटागटांत बक्षिसाच्या स्पर्धा मात्र मी ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. वर्गणी झेपत नाही म्हणून एखादं मूल 'पोट दुखतंय' असं सांगून घरी राहतं. कुणाला चालायला त्रास होतो म्हणून आपण त्याला परस्पर वगळतो. मग आठवडाभर वर्गात सहलीच्याच गप्पा, आणि ते मूल खिडकीबाहेर बघत बसलेलं. शिक्षकांनो, पालकांनो, ठिकाण निवडण्याआधी हा विचार करा. सगळ्यांना जमेल अशी जवळची, एका दिवसाची सहल निवडा. जे मूल मागे राहिलं, त्याला इतर मुलं समजून कशी घेणार?

त्या सहलीनंतरच्या सोमवारी मी हजेरी घेत होतो. तोच मुलगा गैरहजर होता. मी नेहमीसारखं विचारलं. पहिल्या बाकावरून ती मुलगी उभी राहिली. "सर, त्याच्या भावाला ताप आहे. आई कामाला गेलीये, म्हणून तो घरी थांबलाय. आजचा गृहपाठ मी त्याला देणार आहे."