कुलूप लावलेला फ्रिज

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या ओळखीचं एक घर आहे. त्या घरात फ्रिजला कुलूप आहे. किराण्याच्या कपाटाला कुलूप, ओट्याखालच्या कप्प्याला कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला. नवख्या पाहुण्याला वाटावं, ही बाई पोराला उपाशी ठेवते की काय! एका लांबच्या मावशींना तसंच वाटलं. निघताना त्यांनी पोराच्या हातात गुपचूप चिवड्याचं पाकीट सरकवलं. “खा रे राजा,” म्हणाल्या. त्यानंतर तीन महिने दारावरची बेल वाजली की पोरगा धावत सुटायचा, “मावशी आल्या?” आणि मावशी नसल्या, की जमिनीवर लोळण, किंकाळ्या, आईच्या हाताला चावे.

मुलगा 9 वर्षांचा आहे. त्याला प्रेडर-विली सिंड्रोम आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. आमच्या कागदपत्रांत या प्रकाराला ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणतात. घराघरांत मात्र “आज परत सुरू झालं” एवढंच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. जनुकीय दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या घरी हे ‘सुरू होणं’ रोजचं असतं. त्यातल्या या एका सिंड्रोमबद्दल आज जरा सविस्तर सांगते, कारण वळण नसणं आणि शरीरातच काही वेगळं असणं यातला फरक इथे फार स्वच्छ दिसतो.

1956 साली झ्युरिकमध्ये प्रेडर, लाबहार्ट आणि विली या तीन डॉक्टरांनी या मुलांचं पहिलं वर्णन केलं. आपल्या पंधराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यावरच्या एका छोट्या भागातली काही जनुकं फक्त वडिलांकडच्या प्रतीतूनच काम करतात. नेमका तोच तुकडा गळाला, किंवा दोन्ही प्रती आईकडूनच आल्या, की प्रेडर-विली होतो. गंमत बघा, तोच भाग आईच्या बाजूने गळाला तर अगदी वेगळा आजार होतो, अँजलमन सिंड्रोम. त्यात मूल सारखं हसतं, बोलणं जवळपास येतच नाही. बहुतेक वेळा हे गर्भ राहतानाच योगायोगाने घडलेलं असतं. तेव्हा “कुणाच्या घराण्यातून आलं?” या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत “कुणाच्याच नाही” असं आहे. हे वाक्य मी आजवर किती सासवांना ऐकवलंय, त्याचा हिशेब नाही.

या बाळाची सुरुवात मात्र भुकेने होत नाही. जन्मतः अंग लुळं, रडणं क्षीण, दूध ओढायला ताकद नाही. कित्येकांना नळीने दूध द्यावं लागतं. दोन घोट जास्त जावेत म्हणून आई रात्र-रात्र वाटी-चमचा घेऊन बसलेली असते. आणि मग, साधारण दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान कधीतरी, चित्र उलटं होतं. मूल मागायला लागतं आणि मागतच राहतं. सुरुवातीला घरचे हरखतात, “आता कसं छान जेवतोय!” 

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. पोट भरल्याची वर्दी त्याच्याकडे जायची असते. या मुलांमध्ये ती वर्दी नीट पोचत नाही. जेवून उठलेलं मूलही भुकेलंच असतं. वर शरीराला उष्मांक इतरांपेक्षा कमी लागतात, म्हणजे वजन झपाट्याने चढतं. त्यांना उलटी सहसा होत नाही, दुखणंही उशिरा जाणवतं, त्यामुळे एकाच वेळी अफाट खाल्लं तर जठर फाटून जीव जाऊ शकतो. कुलूप त्यासाठी असतं, श्रोतेहो.

या मुलांसोबत काम करणारे जाणकार अन्नाच्या बाबतीत तीन गोष्टी पाळायला सांगतात. जेवण कधी मिळणार याबद्दल शंका उरू द्यायची नाही. ठरल्यापेक्षा जास्त मिळेल अशी आशा दाखवायची नाही. आणि ठरलेलं दिलं नाही म्हणून निराशा होऊ द्यायची नाही. आशा दाखवायची नाही हे ऐकायला क्रूर वाटतं. मलाही वाटलं होतं. पण चिवड्याच्या त्या एका पाकिटाने तीन महिने काय केलं, ते मी पाहिलंय. कुलूप लागल्यावर पोरगा उलट निवांत होतो. दार उघडं असलं, की त्याचं सगळं डोकं त्या दारातच अडकून बसतं.

पण त्याचे सगळे उद्रेक खाण्यावरून नसतात, आणि हे फार उशिरा लक्षात येतं. रोज रिक्षाने शाळेत यायचा, एक दिवस बाबा स्कूटरवर घेऊन आले. फाटकापाशीच बसकण मारली. अर्धा तास. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात केट वुडकॉक आणि ख्रिस ऑलिव्हर यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवणं या मुलांना मुळातच जड जातं, आणि ठरलेलं अचानक बदललं की त्यावर ताण येऊन स्फोट होतो. त्यांच्याच गटाने पुढे हेही दाखवलं, की बदल होणार असल्याची एक ठरावीक खूण आधी दिली, तर आरडाओरडा कमी होऊ शकतो.

आम्ही पिवळ्या कार्डशीटचा तुकडा कापला, पत्त्याच्या पानाएवढा. त्यावर काळ्या स्केचपेनने उलटसुलट दोन बाण. काही बदलणार असलं की आधी कार्ड दाखवायचं, मग एका वाक्यात सांगायचं, “आज रिक्षा नाही, स्कूटर.” पहिले काही दिवस तो कार्डच फाडायचा. चार कार्डं गेली. पाचवं मी लॅमिनेट करून आणलं. तेही चावून झालं, पण टिकलं. आता तो कार्ड हातात घेतो, उलटं करून बघतो, कुरकुरतो, आणि बऱ्याचदा स्कूटरवर बसतो. बऱ्याचदा म्हणतेय मी, नेहमी नाही.

बाकीच्या सिंड्रोमची तऱ्हा वेगळी. स्मिथ-मॅजेनिसमध्ये बहुतेक वेळा सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा नसतो. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री स्रवायचं, ते त्या मुलांच्या शरीरात दिवसा वाढतं. पहाटे तीनला उठलेलं मूल दुपारी वर्गात डोकं आपटून घेत असेल, तर त्याला शिक्षा कसली करणार? कॉर्नेलिया डी लांग सिंड्रोमची मुलं स्वतःला चावतात, मारून घेतात. त्यातल्या अनेकांच्या अन्ननलिकेत जठरातलं आम्ल वर येत असतं, छातीत आग होत असते, आणि सांगायला शब्द नसतात. लेश-नायहन सिंड्रोममधली मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावतात, वेदना त्यांना पुरती जाणवते, आणि हात बांधा म्हणून तीच विनवतात.

म्हणून वागणं अचानक बिघडलं, तर पहिल्यांदा डॉक्टर. दात, कान, बद्धकोष्ठ, आम्लपित्त, झोप, सगळं तपासून घ्या. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर नक्कीच. मग एक साधी वही घाला. चावण्याआधी काय झालं, मग काय झालं, त्यानंतर आपण काय केलं. दोन आठवडे लिहा. आमच्या एका मुलीच्या वहीत दिसलं, की ती फक्त आईचा फोन वाजला की केस उपटते. फोन ठेवून आई धावत येते, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. आम्ही तिला आईचा पदर ओढायला शिकवलं. पदर ओढला की आई लगेच बघणार, असा करार. फटका देऊन यातलं काही शिकवता येत नाही.

प्रेडर-विलीचं निदान रक्ताच्या मिथायलेशन चाचणीवर होतं; वडिलांकडची ती जनुकं काम करताहेत की नाही, हे त्यात कळतं. लुळं बाळ, दूध न ओढणारं, असं कुणी असेल तर बालरोगतज्ज्ञांना या चाचणीबद्दल विचारा. मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत जनुकीय सल्ला मिळतो. वाढीच्या संप्रेरकाने उंची आणि स्नायू सुधारतात, भूक मात्र हटत नाही. भुकेवरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मार्च 2025 मध्ये मान्यता मिळाली. गल्लीतल्या केमिस्टकडे लगेच मागायला जाऊ नका. ते प्रत्येकाला चालेलच असंही नाही.

आता लग्नसराई येतेय. पंगत आणि बुफे म्हणजे या घरांची परीक्षा. कुलूपवाल्या फ्रिजच्या घरातली ती आई आधी फोन करून विचारते, अक्षता किती वाजता, जेवणं किती वाजता. मग चिठ्ठीवर चित्रं काढते: मांडव, अक्षता, आपला डबा, फोटो, घर. मागच्या लग्नात सनई सुरू होती, आणि मंडपाच्या दारात त्याच त्या चिवडेवाल्या मावशी भेटल्या. मधल्या काळात आईने त्यांना सगळं समजावलं होतं, जठर फाटण्यासकट. मावशींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “डबा माझ्याकडे दे गं, तू अक्षता टाकून ये.”

आई म्हणाली, “घ्या, पण पर्सची चेन लावून ठेवा.”