भिंतीवरचा एक शेअर

नमस्कार श्रोतेहो.

“भाच्याच्या मुंजीत एखाद्या चांगल्या कंपनीचा एकच शेअर फ्रेम करून द्यायचा आहे, कुठे मिळेल?” असं हल्ली पुष्कळ लोक विचारतात. कल्पना सुंदर आहे. अंगठी बोटाला लहान होते, पाकिटातली नोट खर्च होते, पण शेअर मुलाबरोबर वाढू शकतो. मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. शेअर मिळेल, फ्रेमही मिळेल, पण फ्रेममधला कागद म्हणजेच शेअर, हे आता राहिलेलं नाही.

पूर्वी ते तसंच होतं. कंपनी जाड कागदावर छापलेलं सर्टिफिकेट द्यायची आणि ते कपाटात जपलं की मालकी जपली जायची. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी एनएसडीएल या डिपॉझिटरीचं, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद सांभाळणाऱ्या संस्थेचं काम सुरू झालं, १९९९ मध्ये सीडीएसएल ही दुसरी डिपॉझिटरी आली आणि शेअर कागदावरून डिमॅट म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात गेले. १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालं. वारसाहक्काची प्रकरणं तेवढी चालू राहिली, आणि तिथेही जानेवारी २०२२ पासून शेअर डिमॅटमध्येच मिळतात. अमेरिकेत एक शेअर फ्रेम करून मुलांना देण्याची जुनी चाल आहे. पण तिथल्या डिस्ने कंपनीनेही २०१३ मध्ये कागदी शेअर देणं थांबवलं. आता ती देते ते शोभेचं प्रमाणपत्र, त्याची खरेदी-विक्री होत नाही.

म्हणून भेट दोन भागांत द्यावी लागते. मालकी मुलाच्या डिमॅट खात्यात आणि आठवण भिंतीवर.

आधी मालकीचं पाहू. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने डिमॅट खातं उघडता येतं. ते एकट्या मुलाच्या नावावर असतं, त्यात जोडधारक चालत नाही आणि कारभार आई किंवा वडील पालक म्हणून पाहतात. मुलाचा जन्मदाखला, मुलाचं पॅन, पालकाचं पॅन व आधार आणि बँक खात्याचा तपशील एवढं लागतं. यात वेळ खाणारी गोष्ट म्हणजे मुलाचं पॅन. मुंज तोंडावर आल्यावर अर्ज करू नका, निदान दीड-दोन महिने हातात ठेवा. खातं उघडताना ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारचं मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून अशा खात्यातल्या शेअरची किंमत ४ लाखांपर्यंत असेल, तर वर्षाचं देखभाल शुल्क लागत नाही. एका शेअरसाठी दरवर्षी काहीशे रुपये भरत राहायचे, तर भेटच अंगावर यायची.

मुलाच्या नावाने बाजारात थेट खरेदी करता येत नाही. मामाने शेअर स्वतःच्या खात्यात घ्यायचा आणि मग भाच्याच्या खात्यात वळता करायचा. एक शेअर घेणं आता अगदी सोपं आहे. कागदाच्या काळात ५० किंवा १०० च्या लॉटमध्ये व्यवहार व्हायचे आणि सुटे शेअर ‘ऑड लॉट’ म्हणून कमी भावात जायचे. डिमॅटमध्ये लॉटच एकाचा असतो. खरेदी करताना ‘डिलिव्हरी’ हाच पर्याय निवडला आहे ना, हे दोनदा पाहा. घाईत ‘इंट्राडे’वर बोट पडलं, तर बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरची यंत्रणा तो शेअर आपोआप विकून टाकते. संध्याकाळी खात्यात शेअर नसतो, नफा-तोट्याचे दोन-चार रुपये तेवढे दिसतात. डिलिव्हरीत घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतो. आज घेऊन आजच वळता करायला गेलात, तर अर्ज परत येतो.

वळता करण्याला ‘ऑफ मार्केट ट्रान्सफर’ म्हणतात. हे ऑनलाइन होतं किंवा डीपीकडून, म्हणजे जिथे डिमॅट खातं आहे त्या ब्रोकर किंवा बँकेकडून मिळालेली डिलिव्हरी स्लिप भरून होतं. स्लिपवर आयएसआयएन लिहायचा असतो. हा शेअरचा १२ अक्षरी ओळख क्रमांक, आपल्याकडच्या कंपन्यांचा बहुधा ‘आयएनई’ने सुरू होतो. संख्या १, घेणाऱ्याचं खातं आणि कारणाच्या रकान्यात ‘गिफ्ट’. चुका बहुतेक खाते क्रमांकातच होतात. सीडीएसएलचा क्रमांक सलग १६ अंकी असतो. एनएसडीएलचा दोन तुकड्यांत असतो, ‘आयएन’ने सुरू होणारा ८ अक्षरी डीपी आयडी आणि पुढे ८ अंकी क्लायंट आयडी. दोघांची खाती वेगवेगळ्या डिपॉझिटरीत असतील, तर स्लिपवर ‘इंटर डिपॉझिटरी’चा रकाना भरावा लागतो, तो हमखास रिकामा राहतो. शेवटी देणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो दिल्याशिवाय शेअर हलत नाही, म्हणून जुना मोबाइल नंबर आधी बदलून घ्या. भेटीत पैशांची देवघेव नसल्याने मुद्रांक शुल्क लागत नाही. डीपीचं शुल्क मात्र लागतं आणि स्वस्त शेअर असेल तर ते शेअरच्या किमतीहून जास्त भरू शकतं. ते आधी विचारून ठेवा.

कराबद्दल थोडक्यात. मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त असते, कारण आई-वडिलांचे भाऊ-बहीण कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक ठरतात. उलट मोठ्या झालेल्या भाच्याने मामाला दिलं, तर त्या यादीत भाचा नाही. तिथे इतर भेटी धरून वर्षाला ५० हजारांची मर्यादा लागू होते. भाच्याने पुढे शेअर विकला, तर खरेदी किंमत मामाची धरतात आणि मुदतही मामाने घेतल्या दिवसापासून मोजतात. म्हणून मामाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती, मुलाच्या कागदपत्रांत ठेवा. साध्या कागदावर दोन ओळींचं दानपत्र सही करून जोडलंत, तर पंधरा वर्षांनी कोणाला शोधाशोध करावी लागणार नाही.

कंपनी कोणती घ्यावी, हे घरच्यांनी ठरवायचं. किंमत मात्र पाहून घ्या. एमआरएफचा एक शेअर जून २०२३ मध्ये १ लाखाच्या पुढे गेला होता आणि शेकड्यातल्या किमतीला मिळणारेही चांगले शेअर आहेत. एका शेअरवर लाभांश येतो, सभेचं निमंत्रण येतं आणि मतही देता येतं. फक्त बोनसचं गणित लक्षात असू द्या. २ शेअरमागे १ बोनस, म्हणजे फुकट शेअर जाहीर झाला, तर एका शेअरवाल्याला अर्धा शेअर मिळत नाही. असे अपूर्णांक कंपनी एकत्र करून विकते आणि त्याचे पैसे खात्यात जमा करते.

आता भिंतीवरचा कागद. डिमॅटमधल्या शेअरसाठी आपणच एक स्मरणपत्र तयार करायचं. कंपनीचं नाव, ‘१ समभाग’, दर्शनी किंमत (फेस व्हॅल्यू), खरेदीची तारीख आणि भाव, कोणी कोणाला व कशानिमित्त दिला, एवढा मजकूर पुरे. शेअरचं विभाजन झालं, म्हणजे एका शेअरचे अनेक लहान शेअर केले, की दर्शनी किंमत आणि संख्या दोन्ही बदलतात, म्हणून ‘या तारखेस’ हे शब्द हवेतच. त्यावर ‘शेअर सर्टिफिकेट’ असं लिहू नका आणि कंपनीचं बोधचिन्ह किंवा शिक्का छापू नका. उद्या कोणी तो कागद खरा समजून दाखवायला नेला, तर अडचण तुमचीच. डिमॅट क्रमांक आणि पॅन तर मुळीच नको. मुंजीचे फोटो संध्याकाळपर्यंत दहा व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेले असतात.

ज्यांना खरा जुना कागदच हवा, त्यांच्यासाठी मुंबईसारखं दुसरं ठिकाण नाही. टाउन हॉलजवळच्या वडाखाली दलाल जमायचे, १८७५ मध्ये त्यांची संघटना झाली आणि तीच पुढे दलाल स्ट्रीटचा शेअर बाजार झाली. बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झालेल्या कंपन्यांची जुनी सर्टिफिकेटं चोर बाजारात मटन स्ट्रीटवर, नाण्या-तिकिटांच्या प्रदर्शनांत आणि फोर्टातल्या व्यापाऱ्यांकडे पाहायला मिळतात. गिरणगावातल्या घरात गिरणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, तर ज्या गिरणीत आजोबांनी उभं राहून माग चालवले, तिचा कागद नातवंडांच्या डोळ्यांसमोर राहतो. यापेक्षा मोलाची भेट आम्हाला सुचत नाही.

असा कागद हातात घेतला, की तो उलटसुलट करून वाचा. पुढच्या बाजूला बारीक रेषांच्या जाळीची किनार, सर्टिफिकेट क्रमांक, फोलिओ क्रमांक (कंपनीच्या वहीतला भागधारकाचा खाते क्रमांक) आणि शेअरचे ‘पासून–पर्यंत’ असे अनुक्रमांक असतात. दोन संचालकांच्या सह्या, सेक्रेटरीची सही आणि कंपनीचा उठावाचा शिक्का असतो. मागे हस्तांतराचा तक्ता असतो, प्रत्येक ओळीत तारीख, नव्या मालकाचा फोलिओ आणि बारीक सही. हा कागद कितीदा हात बदलून आला, ते तिथे दिसतं. नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. मूळ छपाईत किनारीची रेष सलग दिसते, रंगीत झेरॉक्समध्ये तीच ठिपक्यांची होते. खरा शिक्का मागून बोट फिरवलं की लागतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. बाजारात मिळालेल्या कागदावर चालू कंपनीचं आणि दुसऱ्या कोणाचं नाव असेल, तर तो घेऊन तुम्ही भागधारक होत नाही. मालकी त्या व्यक्तीची किंवा तिच्या वारसांचीच असते. म्हणून रद्द केल्याचा शिक्का किंवा पंचिंग मशीनची भोकं असलेला कागद घेणं चांगलं. दुसरं, ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोल असलेलं कागदपत्र १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकतं. ते अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेत घालण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं चालू कंपनीचं सर्टिफिकेट? ते फ्रेम करू नका. ते अजून जिवंत असतं, त्यावर बोनस, विभाजन आणि वर्षानुवर्षांचा लाभांश साठलेला असू शकतो. ७ वर्षं लाभांश घेतला गेला नाही, तर शेअरही सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात आणि तिथून दावा करून परत मिळवावे लागतात. मूळ कागद कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, वारसाच्या कामासाठी लागतो. दोन्ही बाजूंची चांगली रंगीत प्रत काढा आणि तसबीर त्या प्रतीची करा.

जुन्या मूळ कागदाची फ्रेम मुंबईत जपून करावी लागते, कारण इथे चार महिने हवाच ओली असते. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेला प्लास्टिकचा थर परत निघत नाही आणि कागदाचं मोलही जातं. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दूर ठेवा. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. गंजकी टाचणी असेल तर अलगद काढा, रेव्हेन्यू स्टॅम्प मात्र सोडवू नका. फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त माउंट, म्हणजे कागदाच्या मागची आणि भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, मागून घ्या. साधा स्ट्रॉबोर्ड पुठ्ठा लावला, तर त्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं. कागद वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन छोट्या पट्ट्यांवर, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचा. चारी बाजू चिकटवल्या, तर पावसाळ्यात कागद फुगतो आणि त्याला लाटा येतात. माउंटची कड सगळीकडे ५ सेंटिमीटर आणि खाली अर्धा-एक सेंटिमीटर जास्त ठेवली की नजरेला बरं दिसतं. या माउंटमुळे काच आणि कागद यांत थोडं अंतर राहतं, ते फार गरजेचं आहे. काचेला टेकलेल्या कागदावर ओल धरते आणि शिक्क्याची जांभळी शाई काचेवर उमटते.

काच अतिनील किरण अडवणारी घ्या, मागचा तक्ता दाखवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी काच लावा. पाठ कागदी टेपने बंद करा, म्हणजे कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावल्या की भिंत आणि चौकट यांत हवा खेळते. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत टाळा. दर गणपतीनंतर एकदा तसबीर उतरवून पाठ तपासा. बुरशीचे ठिपके दिसले तर पुसू नका. फ्रेम उघडून कागद कोरड्या सावलीत ठेवा आणि माउंट बदला.

फ्रेमच्या पाठीवर, बाहेरच्या बाजूने एक पाकीट चिकटवा. त्यात दानपत्राची प्रत, कंपनीचा आयएसआयएन आणि डिमॅट कोणत्या ब्रोकरकडे आहे त्याचं नाव ठेवा, खाते क्रमांक नको. आणि पाकिटावर मुलाच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहा. त्या दिवशी पालकाचा अधिकार संपतो आणि मुलाने स्वतःच्या सहीने केवायसी करून दिल्याशिवाय तो शेअर खात्यातून हलत नाही.