पुनवेची भरती

नमस्कार श्रोतेहो.

समुद्रकाठी तंबू ठोकून राहायचं तर रात्र कोणती निवडाल? शंभरातले नव्वद जण पौर्णिमा म्हणतील. आम्हीही तेच म्हणालो होतो. कॉलेजातले आम्ही सहा मित्र, सगळे आता पन्नाशीच्या अल्याडपल्याड. तीन महिने फोनवर नुसत्या तारखा इकडच्या तिकडे ढकलत होतो. शेवटी दत्तजयंती ठरली. चांदणं मिळेल, बॅटरी लागणार नाही आणि पाऊस तर नाहीच नाही. पौर्णिमेला समुद्र काय करतो, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. त्यात मी कोकणातला, म्हणजे माझी लाज दुप्पट.

जागा होती मालवणच्या उत्तरेला, तोंडवळी-तळाशील. गड नदी समुद्राला मिळते तिथे जमिनीची एक लांबट, चिंचोळी पट्टी उरली आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माड, सुरूचं बन आणि थोडी घरं. काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद की, समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर पाठीमागून खाडीतल्या होडीच्या वल्ह्याचा आवाज येतो. हॉटेलं, गाड्या, उंटावरून फेरी, यातलं काही नाही. बनाच्या कडेला ज्यांचं घर होतं त्यांना विचारलं, त्यांनी विहीर दाखवली, "रात्री काय लागला तर हाक मारा" म्हणाले. तेवढी परवानगी पुरली. ती न घेता परस्पर कुणाच्या वाडीत तंबू टाकणाऱ्यांचा मला फार राग येतो. असो.

पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. समोर पुळण अशी पसरलेली की डोळा पोहोचेना. पाणी कुठे तरी लांब, पांढरी किनार दाखवत होतं. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत. तंबूची खुंटी ठोकली की दोरी ओढताच लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. खाली उतरलो तर ओली वाळू घट्ट, सपाट, शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी. खुंट्या तिथे पक्क्या बसल्या. आमच्यातला डॉक्टर म्हणाला, "अरे, हीच खरी जागा!" पंधरा मिनिटांत तीन तंबू उभे. फोटोही काढून झाले.

तेवढ्यात एक आजोबा आले. कमरेला पंचा, खांद्यावर जाळ्याचा तुकडा. तंबूंकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"खंयसून इलास?"

सांगितलं.

"आज पुनव असा, ठावक असा मां?"

"हो आजोबा, म्हणून तर आलो."

ते हसले नाहीत. हाताने वर, बनाच्या बाजूला दाखवलं. तिथे वाळूवर एक हिरवी वेल पसरली होती, जाड, दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची. "ती मर्यादवेल. तेच्या खाली निजू नकात."

श्रोतेहो, या वेलीचं नाव नीट ऐका. मर्यादवेल. समुद्राने तिच्यापलीकडे यायचं नाही, असा जणू करार. खरं तर करार उलटा आहे. भरतीचं खारं पाणी रोज जिथवर येतं तिथे ही वेल टिकत नाही, म्हणून ती त्याच्या वर पसरते आणि पसरली की मुळांनी वाळू धरून ठेवते. म्हणजे कुणी न आखलेली सीमारेषा रोज डोळ्यांसमोर असते, पण ती वाचायला कुणी सांगावं लागतं. वेल नसेल तिथे भरतीने टाकलेला ओळीतला कचरा बघावा. सुरूची वाळकी बोंडं, शिंपले, शेवाळ आणि आता आपल्या कृपेने बाटल्यांची बुचं.

आता आजोबांचा हिशेब. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेचे पंधरा धरले तर सव्वाअकरा. पाऊणच का? चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून तितकीच सरकते. 50 मिनिटं म्हणजे ढोबळ मानाने पाऊण तास. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं. दिवसात भरती दोनदा, दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडं कमी. मुंबईला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, दक्षिण कोकणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण पुळण सपाट असली की उंचीतला एक मीटर आडव्या वाळूवर कितीतरी पावलं आत येतो.

गंमत अशी की पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती मध्यरात्रीच्या आसपास, म्हणजे ओहोटी बरोबर संध्याकाळी पाच-सहाला. शहरातला माणूस नेमका त्याच वेळी पोहोचतो. त्याला सगळ्यात रुंद पुळण दिसते, सगळ्यात घट्ट वाळू दिसते आणि त्याला वाटतं, समुद्र असाच असतो. हिवाळ्यात तर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी. पावसाळ्यात उलट, तेव्हा मोठी भरती दिवसा. समुद्र आपल्याला फसवत नाही. आपणच त्याच्या सुट्टीच्या वेळी त्याच्या घरात शिरतो.

हे सगळं मला ठाऊक होतं, हे कबूल करतो. लहानपणी आजोळी पाऊणपटीचा पाढा ऐकला होता. पण माहिती आणि आठवण यांत फरक असतो. चार जणांनी मुकाट्याने तंबू उचलले आणि वेलीच्या वर नेले. तिथे खुंट्या बसेनात, तर आजोबांनीच शिकवलं. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची, हातभर खड्डा करून आडवी पुरायची आणि वर वाळू दाबायची. खुंटी वर खेचली की निघते, पुरलेली पिशवी निघत नाही. मी आणि डॉक्टरने मात्र आमचा तंबू पंधरा-वीस पावलं वर सरकवला आणि "एवढं पुरे" म्हणालो.

चूल पेटवली. संध्याकाळी वारा समुद्राकडून होता, धूर बनाकडे जात होता, म्हणून आम्ही चुलीच्या समुद्राच्या बाजूला ऐसपैस बसलो. नऊच्या सुमारास वारा पडला. मग हळूच उलटा सुरू झाला आणि सगळा धूर आमच्या तोंडावर. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. दोन ओळींचं उत्तर, चार गुण. डोळे चोळत, खोकत जागा बदलताना त्याचा अर्थ कळला. खाडीपलीकडून भजनाचे टाळ ऐकू येत होते, तेही वारा फिरल्यावर जास्त स्पष्ट झाले.

मित्राने आणलेला स्पीकर आजोबांनी जाताना बंद करायला लावला होता, मोठी बॅटरीसुद्धा. ते कासवांचे दिवस होते. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मंडणगडजवळच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हापासून कोकणात बऱ्याच गावांनी हे काम अंगावर घेतलं. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं पन्नासेक दिवसांनी बाहेर येतात आणि समुद्रावरच्या उजेडाकडे धावतात. किनाऱ्यावर आपण मोठा दिवा लावला तर ती उलट्या दिशेला जातात. आम्हाला त्या रात्री कासव दिसलं नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. ती मादी रात्री पाण्यातून येते, भरतीची ओळ ओलांडून वर जाते आणि तिथेच खड्डा करते. पंचांग नाही, फोन नाही. आम्ही सहा पदवीधर.

पावणेअकराला मला जाग आली. कानाखाली काही तरी चुळबुळत होतं, बारीक, खसखस भाजल्यासारखं. वाटलं खेकडा असेल. हात फिरवला तर सतरंजी ओली. मग तंबूचं कापड एकदा फुगलं आणि बसलं. चेन उघडून बाहेर बघतो तर चांदणं असं की वाचता यावं आणि त्या चांदण्यात माझी एक चप्पल डुलत डुलत पश्चिमेकडे निघाली होती. डॉक्टर झोपेत विचारत होता, "पाऊस आला का?"

लाट मोठी नव्हती हो. घोट्याएवढं पाणी. पण घोट्याएवढं पाणी माघारी जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं, तेव्हा उभं राहिलेला माणूसही नकळत फुगडी घालतो. तंबू, सतरंजी, पिठाची पिशवी, सगळं कवेत धरून आम्ही दोघं वर पळालो. वर चौघे हसून हसून आडवे. चप्पल मिळाली नाही.

पहाटे अंधारातच आवाज आला. आजोबा आणि तीस-पस्तीस माणसं. रापण होती. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून आली होती, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन रांगा ओढायला उभ्या. "बघत काय रवलास? दोर धरा!" आम्ही धरले. दोर ओला, काथ्याचा, हाताची सालं काढणारा. ओढायचा तो हाताने नाही, कमरेने. पाय वाळूत रोवायचे, मागे रेलायचं आणि एका तालात दोन पावलं मागे. अर्ध्या तासात माझे तळहात लाल. तास-दीड तासाने जाळ्याचा मधला भाग उथळात आला आणि पाणी एकदम चंदेरी होऊन उसळलं. तारले, बांगडे, मधे मधे सौंदाळे. शेतकऱ्याचं खळं असतं तसं रापणकरांचं हे खळं. जाळ्याचे तुकडे ज्यांचे ज्यांचे, त्यांचे त्यांचे वाटे. दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही काही दिल्याशिवाय पाठवत नाहीत. आमच्या पातेल्यात आजोबांनी मोजून बारा बांगडे टाकले. अर्धपायी मी, एका चपलेत. त्यांनी पायाकडे बघितलं. बोलले काही नाहीत, आणखी एक बांगडा टाकला.

विहिरीजवळच्या घरातल्या काकूंनी तिरफळं दिली. दुपारी तिखलं, म्हणजे बांगड्यांचं तिखट कालवण केलं. मीठ जरा जास्त झालं, कारण पिशवीतलं मीठ रात्रीच समुद्राने ओलं करून ठेवलं होतं आणि अंदाज चुकला. तरी पातेलं पुसून खाल्लं.

संध्याकाळी आजोबा पुन्हा आले. "आज भरती कधी?" त्यांनी मलाच विचारलं, शाळेतल्यासारखं.

"कालच्यापेक्षा पाऊण तास उशिरा."

मान हलवली आणि गेले.

त्या रात्री सगळे झोपले, मी नाही. मर्यादवेलीच्या शेवटच्या पानापाशी एक काठी रोवली आणि गोधडी पांघरून बसलो. दहिवर पडत होतं, गोधडी ओलसर झाली. पाणी हळूहळू वर येत होतं, एक लाट पुढे, दोन मागे, पुन्हा एक पुढे. बाराच्या सुमारास ते काठीपासून चार-पाच हातांवर आलं. तिथे दोन-तीनदा फेसाची रेघ ओढली आणि थांबलं. काठी कोरडीच होती. मी मात्र दोन्ही पाय वर घेऊन बसलो होतो आणि उरलेली एक चप्पल मांडीवर.

नमस्कार.