कळसूबाईची रांग

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. बारी गावाच्या रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे दिवे एकामागून एक मालवत आहेत आणि त्याच वेळी वर, अंधारात, डोंगराच्या अंगावर दिव्यांची दुसरी एक ओळ हळूहळू सरकताना दिसते आहे. कपाळावर विजेरी बांधून निघालेल्या माणसांची ती ओळ आहे. आश्विन महिना, नवरात्राचे दिवस आणि त्यातच शनिवार असे सगळे योग जुळून आल्यामुळे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखराकडे, म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईकडे जाणारी ही वाट आज उजाडण्यापूर्वीच भरली आहे.

भूगोलाच्या पुस्तकात ‘कळसूबाईची रांग’ म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून पूर्वेकडे गेलेली डोंगरांची ओळ. कुलंग, मदन आणि अलंग हे तीन बुलंद दुर्ग तिच्या पश्चिम अंगाला, मध्ये कळसूबाई आणि पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज १६७९ साली ज्या पट्टा किल्ल्यावर विसावले आणि ज्याला त्यामुळे विश्रामगड हे नाव मिळाले, तो याच रांगेतला. या रांगेच्या उत्तरेला पडलेले पाणी दारणेला मिळते, दक्षिणेला पडलेले प्रवरेला. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीतच जातात, परंतु एक नाशिकच्या खाली आणि दुसरी थेट नेवाशाजवळच्या प्रवरासंगमाला. आज मात्र ‘रांग’ या शब्दाचा अर्थ शिडीखाली तासभर खोळंबलेल्या माणसाला विचारला, तर तो काही निराळेच सांगेल.

उजाडते तेव्हा पहिली चढण संपून वाट शेतांच्या कडेने निघालेली असते. पावसाळ्यात चिखलाने भरलेली भातखाचरे आता लोंब्यांनी वाकली आहेत, उताराच्या तुकड्यांवर नागली आणि वरई उभी आहे आणि बांधाबांधावर सोनकीची पिवळी फुले आहेत. पाऊस सरत आलेला असतो, गवत अजून हिरवे असते, हवा धुऊन निघाल्यासारखी स्वच्छ असते. मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांना एकाच वेळी याच डोंगराची आठवण का होते, हे समजायला या पंधरवड्यातली एक सकाळ पुरेशी आहे.

तथापि ही गर्दी केवळ शहरांची नाही, आणि केवळ आजची तर मुळीच नाही. कळसूबाई हे प्रथम देवीचे ठाणे आहे, गिर्यारोहणाचे ठिकाण ते नंतर झाले. कळसू नावाची कोळ्याची एक मुलगी पायथ्याच्या इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एके दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत तिला तेच काम सांगण्यात आले. तिने ते केले आणि ती डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांसाठी नवरात्रात हा डोंगर चढणे म्हणजे माहेरच्या माणसाला भेटायला जाण्यासारखे आहे, आणि त्यांतले कित्येक जण आजही अनवाणी चढतात.

पहिली शिडी येते आणि ओळ थांबते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. त्यातला कठीण थर झिजला नाही, तिथे कातळाचा उभा टप्पा उरला. मऊ थर झिजला, तिथे सपाट माळ. त्यामुळे सगळा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, आणि जिथे टप्पा तिथे लोखंडी शिडी, जिथे माळ तिथे ताकाचे दुकान, अशी वाटेची रचना झाली आहे. गर्दी नेमकी कोठे तुंबणार, हे एका अर्थी तेव्हाच ठरून गेले, असे म्हणायला हरकत नाही.

शिडीजवळ थोडे थांबून पाहिले की या तुंबण्याचे गणित उलगडते. सूर्योदय पाहण्यासाठी रात्रीच चढून गेलेले लोक आठ-नऊच्या सुमारास उतरू लागतात, आणि मध्यरात्रीची कसारा लोकल किंवा पुण्याची बस पकडून आलेले लोक साधारण त्याच वेळी येथे पोहोचतात. शिडी एकच, वरून एक बाजू, खालून दुसरी. चढणारा भराभर चढतो, परंतु उतरणाऱ्याला कातळाकडे तोंड करून, मागे न पाहता, पायाने पुढचा दांडा चाचपावा लागतो. बुटांनी घासून घासून दांड्यांचा मधला भाग चांदीसारखा चकाकतो आहे. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेल्या एक वयस्क बाई, एका हातात पूजेची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा धरून, जोडव्यांचा बारीक आवाज करत उतरत आहेत. त्यांच्या मागे महागड्या बुटांतला एक तरुण दोन्ही हातांनी दांडा आवळून जागच्या जागी उभा आहे. ‘‘खाली बघू नको रे बाळा, पाय आपोआप सापडतो,’’ असे त्या वर न बघताच त्याला सांगतात. खाली साठ-सत्तर माणसे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.

गर्दीचा खरा हिशेब शिडीवर नव्हे, तर शिडीच्या आधीच्या मातीत लिहिला जातो. वाटेत चिखल असला की माणूस कडेने, गवतावरून जातो. त्याच्यामागून येणारा आणखी थोडा कडेने. पावलांनी गवताची मुळे मरतात, उघडी पडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते, तिथे घळ पडते आणि मग त्या घळीलाही टाळून तिसरी वाट निघते. एका माणसाची वाट अशा रीतीने दहा माणसांच्या रुंदीची होते. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते १९८६ साली घोषित झाले आणि त्याचा विस्तार सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. पण सुट्टीच्या दिवशी या सगळ्या विस्तारातली माणसे जणू या एका सोंडेवर गोळा होतात. लोकांनी डोंगरावर येऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. चिखलात पाय घालावा, एवढे मात्र म्हणता येईल. आणि खांद्याला स्पीकर लटकवून येणाऱ्याने तो घरी ठेवला, तर देवीसह कोणाचीच हरकत नसावी.

माळावरच्या दुकानात चूल पेटलेली आहे. पिठले-भाकरी, लिंबू सरबत, मीठ लावलेली काकडी, ताक. येथली प्रत्येक वस्तू, अगदी पाणीसुद्धा, कोणीतरी डोक्यावर घेऊन आणलेली असते. वीस लिटरचा जार डोक्यावर घेऊन एक मुलगा शिडीच्या रांगेला वळसा घालतो आणि बाजूच्या कातळात खोदल्यासारख्या दिसणाऱ्या खोबणींतून सरळ वर निघून जातो. भाव खालच्यापेक्षा अधिक का, असे विचारणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून गप्प बसते. भाताची कापणी सुरू होईपर्यंतचे हे काही आठवडे गावासाठी रोकड मिळण्याचे दिवस असतात.

माथा लहान आहे. मधोमध देवीचे मंदिर, आत एका वेळी मोजकीच माणसे मावतील एवढे. बाहेर दर्शनाची एक रांग आणि छायाचित्राची दुसरी. तरीही मंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन दक्षिणेकडे पाहिले की भंडारदऱ्याचा जलाशय, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेला, आकाशाचा तुकडा पडल्यासारखा पसरलेला दिसतो. त्याच्या पलीकडे रतनगड, ज्याच्या कुशीत प्रवरा उगम पावते, आणि आणखी मागे हरिश्चंद्रगडाचा भलाथोरला माथा. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तिथे आज बहुधा कोणी नाही.

दुपारी दोननंतर जलाशयावर ढग जमू लागतात. परतीचा पाऊस असाच येतो: सकाळभर निळे आकाश, मग एकाएकी काळोखी आणि गडगडाट. उघड्या माथ्यावर आणि लोखंडी शिडीवर विजेच्या वेळी माणसाने असू नये, हे दुकानदारांना ठाऊक असते. ते भांडी आवरतात आणि ‘‘चला, उतरा, उतरा’’ असा पुकारा सुरू होतो. सकाळी ज्या शिडीने वर चढणाऱ्यांना अडवले होते, तीच आता उतरणाऱ्यांना अडवते आणि पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा निम्मे लोक अजून तिच्या वरच असतात.

संध्याकाळी बारीत चिखलाने माखलेले बूट झाडत माणसे गाड्या शोधत आहेत. तेवढ्यात एक बस येऊन थांबते आणि रात्री चढणारी नवी मंडळी उतरू लागते. त्यांतला एक जण चहाच्या टपरीवरच्या बाईंना विचारतो, ‘‘मावशी, वर जायला किती वेळ लागेल?’’ बाई गाळणीतून चहा ओतता ओतता म्हणतात, ‘‘चालायला तीन तास. शिडीचं मला विचारू नका.’’