फुकट दिला तरी नको

नमस्कार श्रोतेहो. ब्राझील म्हटलं की आपल्याला पेले आठवतो. आठवावाच, पुढे 1995 मध्ये तो त्या देशाचा क्रीडामंत्रीही झाला. पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी ब्राझीलला फक्त फुटबॉल दिला, असं समजू नका. तिथल्या साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष मशादु दे असीस हे मुक्त झालेल्या गुलामांचे नातू. गायक जिल्बेर्तो जील 2003 मध्ये सांस्कृतिक मंत्री झाले. साल्वादोर शहरात माँय मेनिनीन्या नावाच्या बाईंनी कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्माची गादी कितीतरी दशकं सांभाळली. अशी नावं घेत बसले तर आपली वेळ संपेल, आणि मला खरं तर एकाच माणसाबद्दल बोलायचंय. लुईस गामा. वास्को द गामा नव्हे बरं का, लुईस गामा.

जन्म 1830 चा, बाईया प्रांतातल्या साल्वादोरचा. आई लुईझा माईन, आफ्रिकेतून आलेली, पण गुलाम नव्हे. भाजीपाला विकून पोट भरायची. मुलानं पुढे एका पत्रात तिचं वर्णन केलंय: ठेंगणी, सडपातळ, देखणी, रंग काळाकुट्ट, दात बर्फासारखे पांढरे, आणि भलती मानी. तिनं बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. 1837 मध्ये बंडाच्या धामधुमीनंतर ती रिओकडे गेली. मुलानं मोठेपणी तीनदा जाऊन शोध घेतला. ती सापडली नाही.

बाप पोर्तुगीज वंशाचा, खानदानी आणि जुगारी. पत्ते खेळून घर बुडवलं आणि 1840 मध्ये पोटचा पोरगा जहाजावर नेऊन विकला. दहा वर्षांचा पोरगा! आईच्या बाजूनं जन्मतः स्वतंत्र असलेला. (दिवाळीत हौसेनं पत्ते मांडणाऱ्यांना मी काही बोलत नाही. पण घरात एक जुगारी असला की भांडीसुद्धा मोजून ठेवावी लागतात, हे माझं मत कायम आहे.) गंमत म्हणजे लुईसनं बापाचं नाव जन्मभर कुठे लिहिलं नाही. त्या अभाग्याची आठवण तरी झाकलेली राहू दे, म्हणाला.

आता ऐका. एका व्यापाऱ्यानं शंभरावर गुलामांचा तांडा विकत घेतला, त्यात हा पोरगा. सांतोस बंदरापासून कांपीनासपर्यंत चालत. घाट चढून, पायी. वाटेत गिऱ्हाइकं येत. बैलबाजारात दात बघतात तसं बघत, पोरगा पसंत करत आणि विचारत, कुठला रे तू? बाईयाचा म्हटलं की पुढे सरकत. कारण 1835 मध्ये बाईयात गुलामांचं मोठं बंड झालं होतं. तिकडचा माल म्हणजे डोक्याला ताप, अशी ख्याती.

शेवटी कांपीनासला एक म्हातारे जमीनदार आले, फ्रान्सिस्को एजिदिओ. त्यांनी लुईसला निवडलं, लाडानं कुरवाळलं आणि म्हणाले, ‘माझ्या मुलांची सेवा छान करशील तू. सांग बरं, जन्म कुठला?’

‘बाईयाचा.’

‘बाईया?’ म्हातारे चकित. ‘फुकट दिला तरी नको! इतक्या लहानपणी विकला, तो काही चांगला आहे म्हणून नाही.’

झालं. कोणीच न घेतलेला हा पोरगा व्यापाऱ्याच्या घरी साओ पाउलोला परत आला. सोबत बाईयाचाच एक नाकारलेला चांभार, जोसे. तिथे लुईस जोडे शिवायला शिकला, धुणं, इस्त्री, शिवणकाम शिकला. आणि 1847 मध्ये त्या घरी एक विद्यार्थी राहायला आला. त्यानं याला अक्षरं शिकवली. सतराव्या वर्षी अक्षरओळख! (आपल्याकडच्या रात्रशाळांना नाक मुरडणाऱ्यांनी हे ऐकावं.) वर्षभरात पठ्ठ्यानं आपण जन्मानं स्वतंत्र असल्याचा पुरावा मिळवला आणि घर सोडलं. म्हाताऱ्यांनी घेतला असता तर तो विद्यार्थी भेटला असता का, सांगा! आणि ऐका, त्याच म्हाताऱ्यांचा मुलगा पुढे काउंट झाला. लुईस त्याला ‘माझे आदरणीय मित्र’ म्हणतो.

बाकीचं भराभर सांगते. शिपाईगिरी, कारकुनी, 1859 मध्ये उपहासाच्या कवितांचं पुस्तक, मग कोर्टात गुलामांच्या सुटकेचे खटले. वकिलीची पदवी नाही, नुसता परवाना. हत्यार होता एक जुना कायदा, 7 नोव्हेंबर 1831 चा. परत सांगते, 1831 चा. त्यानंतर आफ्रिकेतून आणलेला प्रत्येक माणूस स्वतंत्र, असं त्यात लिहिलेलं होतं. लाखो माणसं तरी येतच राहिली आणि कायदा कागदावरच. लुईस विचारायचा, तुमचा गुलाम आला कधी? वय काय? 1831 नंतरचा निघाला की मालकाची पंचाईत. फी घेत नव्हता, तशी वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती. पाचशेहून जास्त माणसं सोडवली, असं त्यानं स्वतः 1880 मध्ये लिहिलंय.

24 ऑगस्ट 1882 ला तो गेला. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानं संपली 13 मे 1888 ला, म्हणजे त्याच्या मागे सहा वर्षांनी. आणि तिथल्या वकील संघटनेनं त्याला वकील म्हणून मान्यता दिली कधी? 2015 मध्ये! कागदपत्रांना वेळ लागतो, तो तिकडेही.

पुढच्या भागात माँय मेनिनीन्यांबद्दल. नमस्कार.