कमायन : एका पानावर सगळ्यांचं जेवण

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

आपल्या फिलिपिनो शेजाऱ्यांबरोबर एकत्र जेवणाचा बेत ठरतो आहे. लांब टेबलावर केळीची पानं, मधोमध भाताची रास, तिच्या दोन्ही अंगांना भाजलेले मासे, मांस, भाज्या, आणि भोवती उभं राहून सगळे हाताने जेवणार. याला ते कमायन म्हणतात. हाताने जेवण्यात आपल्याला काय शिकायचं आहे, असं कुणालाही वाटेल. पण आपला हात कालवायला सरावलेला आहे. भातावर वरण ओतायचं, कुस्करायचं, घास वळायचा. कमायनात पातळ पदार्थ पानावर येतच नाही आणि समोरची रास सामाईक असते. म्हणून घास घेण्याची रीत वेगळी आणि वाढण्याची तर त्याहून वेगळी.

फिलिपिन्समध्ये रोजचं जेवण बहुतेक घरांत चमच्या-काट्याने होतं. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, सुरी क्वचितच. आधी स्पॅनिश आणि १८९८ नंतर अमेरिकन राजवटीत ही सवय रुजली. हाताने जेवण्याची पद्धत मात्र खेड्यांत, समुद्रकाठच्या सहलींत आणि सणासुदीला टिकून राहिली. टेबलाभोवती उभं राहून एकदम जेवायला सुरुवात करायची तऱ्हा सैन्यातली. तिचं नाव बूडल फाइट. त्यात अधिकारी आणि शिपाई खांद्याला खांदा लावून एकाच राशीतून खातात आणि इशारा मिळाल्याशिवाय कुणी हात घालत नाही. उपाहारगृहांत आज या दोन्हींचा मेळ दिसतो. सैन्यातली झटापट आपण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात हळू जेवणाऱ्याच्या वाट्याला नुसता भात उरतो.

आता टेबल. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद टेबलाभोवती आठ माणसं, दोन्ही बाजूंना चार-चार. प्रत्येकाला दीड फूट जागा मिळते आणि मधली रास हाताच्या टप्प्यात राहते. दहा माणसं कोंबली की कोपर लागतात आणि डिप सांडतं. टेबलावर आधी प्लास्टिक किंवा जाड कागद अंथरा, कारण पानांच्या सांध्यांतून तेल झिरपतंच. पानं गोठवलेल्या पाकिटात येतात. एका टेबलाला एक पौंडाची दोन पाकिटं पुरतात, पण फाटणारी पानं धरून तीन आणा. आदल्या रात्री फ्रीजमध्ये सुटी होऊ द्या, ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा आणि मग मंद आचेवरून सरकवत न्या. पान गर्द हिरवं, चकचकीत झालं की ते लवचिक झालं. पानगी करणाऱ्यांना हे सांगायला नको. आचेवर जास्त वेळ राहिलं तर पान कडक होऊन शिरेवर चिरतं. तकतकीत बाजू वर ठेवा, दोन थर द्या आणि एका पानाची कड दुसऱ्यावर चार बोटं तरी येऊ द्या.

भात हा या जेवणाचा कणा. बासमती इथे चालत नाही, कारण तो बोटांत धरत नाही. जास्मिन किंवा मध्यम दाण्याचा तांदूळ घ्या. आंबेमोहोर, इंद्रायणीही उत्तम. आठ जणांना एक किलो कोरडा तांदूळ. फिलिपिनो स्वयंपाकी पाणी बोटाने मोजतात : तांदूळ सपाट करून त्यावर बोटाचं टोक टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी घालायचं. सिनांगाग, म्हणजे शिळ्या भाताचा लसूण घालून परतलेला भात, चवीला सुरेख असतो, पण तेलामुळे दाणे सुटतात. नवख्या हातांसाठी रास साध्या भाताची आणि सिनांगाग दोन टोकांना थोडा, ही मांडणी सोयीची.

बाकीच्या पदार्थांचं प्रमाण आठ जणांसाठी असं धरा. हाड नसलेलं डुकराच्या पोटाचं मांस, म्हणजे लिएम्पो, सव्वा किलो. बांगुस मासे दोन मध्यम. या माशाला बारीक काटे फार, म्हणून काटे काढलेला मागून घ्या. कोळंबी चोवीस, डोक्यासकट. लुम्पिया, म्हणजे सारण भरून तळलेल्या बारीक गुंडाळ्या, चोवीस. चार लांब वांगी भाजून, सोळा उकडलेल्या भेंड्या, दोन कैऱ्या, पाच टोमॅटो, चार खारवलेली बदकाची अंडी अर्धी कापून. ताज्या अंड्यांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून ही अंडी गडद गुलाबी रंगवलेली असतात. कच्च्या पपईचं गोड-आंबट लोणचं, आचारा, एक बरणी.

लिएम्पोला अर्धी वाटी सोया सॉस, पाव वाटी कलामान्सीचा, म्हणजे छोट्या फिलिपिनो लिंबाचा, रस, लसणाचा एक गड्डा, मिरी आणि चमचाभर साखर लावून चार तास मुरवा. केळ्याचं गोड केचप भाजणं संपत आल्यावरच फासा, आधी लावलं की साखर करपते आणि मांस आत कच्चं राहतं. उतरवल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवून बोटाएवढे तुकडे करा. पानावर सुरी नसते आणि एका हाताने मोठा तुकडा तुटत नाही. वांगी आणि मासा यांनाही हेच लागू. बोटांनी सुटेल असाच पदार्थ पानावर जावा.

वाढायचा क्रम कटाक्षाने पाळा, कारण गडबड इथेच होते. लोकांना हात धुऊन उभं करा, मगच भात ओता. तो गार झाला की रास दगडासारखी होते. रास वीतभर रुंद आणि सलग हवी. तिच्यावर मासे, दोन्ही अंगांना मांस आणि कोळंबी, मोकळ्या जागी भाज्या आणि अंडी. प्रत्येक पदार्थ दर दोन फुटांवर आणि दोन्ही बाजूंना पुन्हा यायला हवा. सगळी कोळंबी एकाच टोकाला गेली की दुसऱ्या टोकाचे हात टेबलभर फिरतात. लुम्पिया सगळ्यांत शेवटी आणि भातापासून दूर, नाहीतर वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात. उकडलेल्या भाज्या चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. टोमॅटोला मीठ वाढताना लावा, आधी लावलं तर पाणी सुटतं. कलिंगड पानावर आणूच नका, त्याचा रस थेट भातात जातो. फळं नंतर वेगळी द्या. सिनिगांगसारखं आंबट सूप हवंच असेल तर कपात.

डिप तीन : सोया, कलामान्सी आणि मिरचीचं, लसूण-मिरी घातलेल्या व्हिनेगरचं, आणि बगोओंग, म्हणजे मुरवलेल्या जवळ्याची खारी चटणी. ती कैरीबरोबर फार छान लागते, पण बोटाच्या टोकावर येईल एवढीच घ्या. उष्ट्याचा विचार आपल्याकडे असतोच आणि तो रास्तच आहे. म्हणून डिपच्या वाट्या प्रत्येकाला वेगळ्या द्या.

जेवताना राशीतून मूठभर भात आपल्यासमोर ओढा. चार बोटांनी दाबून त्याची छोटी वडी करा, वर मांसाचा किंवा माशाचा तुकडा ठेवा, डिपला कड लावा आणि अंगठ्याने तोंडात ढकला. भात कालवायचा नाही, आणि हात लागलेला तुकडा आपलाच. कोळंबी सोलायला दोन्ही हात वापरले तरी कुणी काही म्हणत नाही. टरफलं आणि काटे वाडग्यात टाका, पानावर ठेवले की शेजाऱ्याच्या घासात जातात.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळं टेबलच हवं. त्याच पानाचं एक टोक राखून भागत नाही, कारण तेल आणि मांसाचा रस भाताखालून सरकत येतो. शिवाय फिलिपिनो भाज्या दिसतात तेवढ्या शाकाहारी नसतात. पिनाकबेत या मिश्र भाजीत बगोओंग, कांगकोंगमध्ये, म्हणजे आपल्या नाळीच्या भाजीत, बरेचदा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, आणि लाइंग या नारळाच्या दुधातल्या अळूतही बहुधा कोळंबी किंवा मांस. विचारताना ‘मांस आहे का’ एवढं पुरत नाही. बगोओंग, पातिस (माशांचा खारा सॉस) आणि ऑयस्टर सॉस ही तिन्ही नावं घेऊन विचारा. तळलेला टोफू, भाज्यांच्या लुम्पिया, भाजलेलं वांगं, भेंडी, आचारा आणि मीठ लावलेली कैरी एवढ्यावर टेबल छान भरतं. लुम्पिया वेगळ्या तेलात तळा. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनीही याच टेबलावर जेवावं, सामाईक राशीत त्यांना सुरक्षित कोपरा राहत नाही.

एक शेवटचं. पानावर आलेलं उरलं तर टाकावंच लागतं, कारण त्याला सगळ्यांचे हात लागलेले असतात. म्हणून आधी दोन-तृतीयांशच वाढा, बाकी झाकून गरम ठेवा आणि लागेल तसं आणा. दोन तासांच्या आत जेवण आटपा. हात धुण्याआधी कलामान्सीची फोड चोळली की माशाचा वास जातो. मग दोन टोकांकडून पानं मध्याकडे गुंडाळत आणा आणि काट्यांसकट ओल्या कचऱ्यात टाका. खालचं प्लास्टिक आधी सोडवून घ्या, ते वेगळ्या डब्यात.